नर्सिंग ट्युटर ते संशोधक प्राध्यापक : स्वतःचा विषय कसा शोधायचा आणि कसा टिकवायचा

कुठल्याही नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात एक कपाट असतं. काळ्या रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरं, एम.एस्सी.चे प्रबंध ओळीनं उभे. पाठीवरची नावं वाचत गेलात तर दहाव्या प्रबंधापर्यंत ती पाठ होतात : ‘अमुक शहरातील निवडक रुग्णालयांतील तमुक व्यक्तींच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता’. शहर बदलतं, आजार बदलतो, ‘निवडक’ तेवढं कायम राहतं.

त्या कपाटात एक प्रबंध माझाही आहे. जुलाब झालेल्या बाळाला ओआरएस कसं द्यायचं हे मी ६० आयांना शिकवलं. आधी प्रिटेस्ट, मग ४० मिनिटांचं शिकवणं, सात दिवसांनी पोस्टटेस्ट. ज्ञान वाढलं, पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबानं फरक ‘लक्षणीय’. ४० मिनिटं एकच गोष्ट सांगितल्यावर ते वाढणारच होतं! पुढच्या वेळी घरात जुलाब लागले तेव्हा त्यांतल्या किती जणींनी पाकीट फोडलं, हे मी विचारलं नाही. व्हायव्हाला आलेल्या परीक्षकांनीही विचारलं नाही.

नर्सिंग शिक्षिकेची कारकीर्द दोन रुळांवर चालते. एक रूळ पदांचा : वर्षं भरली, कागद बरोबर असले की गाडी पुढे सरकते. दुसरा विषयाचा : ‘अमुक प्रश्नावर काम करणाऱ्या मॅडम’ म्हणून लोक ओळखतात तो. पहिल्याची माहिती स्टाफरूममध्ये फुकट मिळते, दुसऱ्याची मिळत नाही. म्हणून पहिला थोडक्यात उरकते.

पायरी १ : पदांची शिडी आणि कागदांची फाईल

भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या नियमांप्रमाणे शिडी अशी : ट्युटर, असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर, उपप्राचार्य, प्राचार्य. ट्युटरला एम.एस्सी. असेल तर उत्तम, पण बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक (नर्सिंगच्या पदविकेनंतरची बी.एस्सी.) करून अनुभव घेतलेली व्यक्तीही चालते. पुढच्या सगळ्या पदांना एम.एस्सी. लागतेच. अनुभवाची एकूण वर्षं असिस्टंटला ३, असोसिएटला ८, प्रोफेसरला १०, उपप्राचार्याला १२ आणि प्राचार्याला १५. त्यातली किती शिकवण्याची हवीत, तेही ठरलेलं आहे. पीएच.डी. ‘असल्यास उत्तम’ या रकान्यात येते. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या वेळचा नियम मूळ कागदावर वाचा, मैत्रिणीच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर नको.

नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याचं पत्र, दरवर्षीचा फॉर्म १६, अनुभवाचा दाखला, रिलीव्हिंग लेटर आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण, हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि स्कॅनही करून ठेवा. मूळ प्रमाणपत्रं कॉलेजात जमा करू नका. माझी एका ठिकाणी १४ महिने अडकली होती. त्या काळात दुसरीकडे निवड होऊनही मला जाता आलं नाही.

इन्स्पेक्शनपुरतं नाव द्या, पगार मिळेल, यायची गरज नाही, असा निरोप कधी ना कधी येतो. तो नाकारा. ज्या काळात तुम्ही कागदावर एका कॉलेजात आणि प्रत्यक्षात दुसरीकडे असता, त्या वर्षांचा अनुभव पुढे सिद्ध करता येत नाही.

पायरी २ : एम.एस्सी.आधी वॉर्ड

एम.एस्सी.च्या प्रवेशाला बी.एस्सी.नंतर एक वर्षाचा अनुभव लागतो. माझं मत विचाराल तर तीन वर्षं काढा, आणि त्यातलं एक तरी रात्रपाळ्यांच्या वॉर्डात. रात्री ४० खाटांना दोन सिस्टर असताना काय काय सोडून द्यावं लागतं, हे पाहिलेली शिक्षिका विद्यार्थिनीला ‘प्रोसिजर पुस्तकाप्रमाणे का केली नाहीस’ असं विचारताना जरा थांबते. त्या थांबण्यात संशोधनाचे प्रश्न असतात.

शाखा पाच : मेडिकल-सर्जिकल, बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, सामुदायिक आरोग्य. कुठल्या शाखेत जागा जास्त निघतात हे बघून निवडणाऱ्या मी खूप पाहिल्या आहेत. ज्या वॉर्डातून ड्युटी संपली तरी पाय निघत नव्हता, तो वॉर्ड निवडा. शिकवण्याबाहेरच्या वाटाही आता आहेत. अतिदक्षता विभागासाठीचा दोन वर्षांचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम, बाळंतपणांसाठीचा १८ महिन्यांचा मिडवाइफरीमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आणि उपकेंद्रावरचं समुदाय आरोग्य अधिकारी हे पद. यांतून गेलेल्या मुली उद्या शिकवायला आल्या तर त्यांच्याकडे आमच्या पिढीपेक्षा चांगले प्रश्न असतील.

पायरी ३ : प्रश्न वहीत पकडा

दोनशे पानी वही घ्या. क्लिनिकल पोस्टिंगला विद्यार्थिनींबरोबर जाता तेव्हा दिवसातून एकच ओळ लिहा : आज कशाचं आश्चर्य वाटलं, कशाची चीड आली, काय नेहमीसारखं चुकलं. सहा महिन्यांनी वही उघडा. जी ओळ वेगवेगळ्या शब्दांत दहा-बारा वेळा आली असेल, ती तुमचा विषय आहे. गाईडनं दिलेल्या यादीत तो नव्हता.

माझ्या वहीत भाषा येत राहिली. यवतमाळ किंवा नंदुरबारकडची मुलगी बारावीपर्यंत मराठीत शिकते आणि नर्सिंगला आल्यावर केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा, इंग्रजीत लिहिते. ‘इम्पेअर्ड गॅस एक्स्चेंज रिलेटेड टू’ (अमुक कारणानं फुप्फुसातली वायूंची देवाणघेवाण बिघडली) हे तिला पाठ असतं. समोरची आजी मात्र म्हणते, ‘जीव कासावीस होतो’, ‘छातीत कळ येते’, ‘पोटात गोळा उठतो’, ‘अंग कणकण करतं’. आजीचं वाक्य मुलीला पूर्ण कळतं, कारण तिच्या घरी तेच बोलतात. तरी नोंदीत ‘पेशंट कम्प्लेंट्स ऑफ पेन’ एवढंच उतरतं. कळ, गोळा आणि कणकण या तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात विरघळतात. वाटेत नेमकं काय गळतं आणि त्यानं पुढच्या पाळीतल्या सिस्टरचा निर्णय बदलतो का? एका माणसाला दहा वर्षं पुरेल असा हा विषय आहे, आणि महाराष्ट्रातल्या शिक्षिकेला तो परक्या माणसापेक्षा जास्त दिसतो.

आणखी काही ओळी देते. सरकारी रुग्णालयात रुग्णाला कूस बदलून देणं, राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) पेज घालणं, ट्रॉली ढकलणं हे नातेवाईक करतात. त्यांना हे कोण शिकवतं, आणि चुकलं तर नोंद कुठे होते? दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण नियमात आहे. सकाळी दहाला वॉर्डात ती शिक्षिका असते कुठे? सुई टोचलेली मुलगी इन्चार्ज सिस्टरना सांगायला का घाबरते? दुपारी दोनला पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढे देतात, त्या ‘ओव्हर’मध्ये कुठला रुग्ण दोन वाक्यांत उरकला जातो?

वॉर्डातल्या प्रश्नातून जगाला उपयोगी पडणारं काम होतं, याचे दाखले शोधायला लांब जायला नको. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाचे रुग्ण पाहत होते. तरणीताठी माणसं, लहान मुलं फुप्फुसात पाणी साचून दगावत होती. १९८० च्या दशकात त्यांनी निरीक्षणं नोंदत प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि ते काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत गावातल्याच बाईला नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला.

हेही शिकवण्याचंच काम होतं, पण मोजलं काय ते बघा. गावातल्या त्या बाईचे, म्हणजे आरोग्यदूताचे, पोस्टटेस्टचे मार्क मोजून ते थांबले नाहीत, बाळं जगली का हे मोजलं. माझ्या ओआरएसच्या प्रबंधात आणि त्यात हा फरक आहे. पैसा आणि मनुष्यबळ यांतला फरक त्यानंतरचा.

पायरी ४ : ‘ज्ञान’ सोडून काय मोजायचं

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला पिरॅमिड आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, पण स्वतःच्या संशोधनाला लावत नाही. तळाला ‘माहीत आहे’, वर ‘कसं करायचं ते माहीत आहे’, त्यावर ‘करून दाखवता येतं’ आणि टोकाला ‘रोजच्या कामात करते’. ग्रंथालयातलं ते काळं कपाट जवळजवळ सगळं तळाच्या पायरीवर बसलं आहे. तुमचा प्रश्न घ्या आणि एक तरी पायरी वर चढवा.

हात धुण्याचं उदाहरण घेऊ. ‘हात स्वच्छतेबाबत परिचारिकांचं ज्ञान’ असा विषय असेल तर ३० प्रश्नांची प्रश्नावली होते. तोच विषय वर न्यायचा तर जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेल्या, रुग्णाला हात लावण्याआधी, लावल्यावर अशा पाच क्षणांपैकी प्रत्यक्षात किती वेळा हात धुतले, हे वॉर्डात उभं राहून नोंदावं लागतं. कुणी बघतंय म्हटल्यावर सगळे हात धुतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस नुसतं उभं राहा आणि ते आकडे मोजणीत धरू नका. मग बेसिन कुठे आहे, साबण संपल्यावर किती दिवसांनी येतो, नळाला दुपारी पाणी असतं का, हेही लिहा. बऱ्याचदा उत्तर ज्ञानात नसतं, नळात असतं.

नमुन्याचा आकडा ६० का, याला ‘सीनियरनी ६० घेतले होते’ हे उत्तर चालत नाही. किती फरक पडला तर तो रुग्णाच्या दृष्टीनं मोलाचा, हे आधी ठरवायचं आणि त्यावरून आकडा काढायचा. संख्याशास्त्रज्ञाकडे याच वेळी जा. डेटा गोळा करून एक्सेलची फाईल घेऊन गेलात तर तो फक्त पोस्टमॉर्टेम करू शकतो. आणि ते ‘निवडक लोकसंख्याशास्त्रीय घटकांशी संबंध’ म्हणून वय, धर्म, शिक्षण, उत्पन्न सगळ्याला काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) लावणं थांबवा. एका घटकाशी संबंध का असावा याचं कारण सांगता येत असेल, तरच तो तपासा.

प्रश्न ‘का’ किंवा ‘कसं’ असा असेल तर मुलाखती घ्या. मराठीत घ्या, मराठीतच उतरवा, विश्लेषणही मराठी मजकुरावर करा आणि इंग्रजी लेखात घालायची वाक्यं तेवढी शेवटी भाषांतरित करा. आधीच इंग्रजी करून मग अर्थ शोधायला बसलं की ‘जीव कासावीस’चा ‘अनइझीनेस’ होतो आणि विषय तिथेच मरतो. गुणात्मक लेखासाठी ‘कोरेक’ ही ३२ मुद्द्यांची तपासयादी आहे. ती लिहिताना काढण्यापेक्षा मुलाखती सुरू करण्याआधी वाचा.

आता नैतिकता समितीबद्दल. मान्यता पहिला माणूस घेण्याआधी हवी, नंतर मागच्या तारखेनं नाही. तुम्ही काही उपचार किंवा शिकवण्याची नवी पद्धत वापरून पाहणार असाल, तर भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत अभ्यासाची नोंद आधी करा. ती मोफत आहे आणि चांगली नियतकालिकं तो क्रमांक मागतात. संमतीपत्र आजीला वाचून दाखवता येईल अशा मराठीत लिहा. ‘सदर संशोधनात्मक अभ्यासात स्वेच्छेने सहभागी होण्यास’ हे ऐकून कुणालाही आपण जमीन लिहून देतोय असं वाटेल.

सगळ्यात जास्त चूक होते ती स्वतःच्या विद्यार्थिनींवर अभ्यास करताना. इंटर्नल मार्क तुमच्या हातात आहेत, ती ‘नाही’ कशी म्हणेल? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा हाताखालच्या माणसांची खास काळजी घ्यायला सांगितलं आहे. प्रश्नावली दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्यानं गोळा करावी, नावं तुमच्यापर्यंत येऊ नयेत, आणि निकाल लागून गेल्यावरच तुम्ही डेटा उघडावा.

पायरी ५ : शिकवण्याचं शिक्षण

शिकवणं हा स्वतःच संशोधनाचा विषय आहे, हे आपल्याकडे उशिरा पोचलं. स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ऑस्की परीक्षा मांडली, म्हणजे एकेका ‘स्टेशन’वर जाऊन ठरलेलं काम करून दाखवायची परीक्षा. आज आपण तीच स्टेशन्स लावतो, पण आपल्या परीक्षेत ती न्याय्य ठरते का, हे क्वचितच तपासतो.

एमबीबीएसच्या शिक्षकांना वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत कोर्स आणि जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन कोर्स नियमांनीच करावा लागतो. नर्सिंगच्या शिक्षकांवर अशी सक्ती नाही, म्हणून स्वतःहून करा. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनाची मूलतत्त्वं शिकवणारा कोर्स एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर मोफत ऐकता येतो. आपल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या शिक्षक प्रशिक्षणाला जा. मुंबईत शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएममध्ये २००५ साली वैद्यकीय शिक्षकांना घडवणाऱ्या ‘फायमर’ या अमेरिकी संस्थेची प्रादेशिक फेलोशिप सुरू झाली. तिच्या धर्तीवरचं प्रशिक्षण, म्हणजे स्वतःच्या कॉलेजातला शैक्षणिक प्रकल्प हाती घेऊन तो वर्षभर चालवणं, कुठे मिळत असेल तर सोडू नका. भाषणं ऐकून मिळत नाही ते त्या प्रकल्पात मिळतं.

एक ताजा विषय कुणी तरी घ्यावा असं मला फार वाटतं. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, पुढे कुटुंब दत्तक योजना आली आणि मेडिकलची मुलं गावातल्या घरांत जाऊ लागली. त्याच गावात आमच्या मुली कम्युनिटी पोस्टिंगला असतात. दोघांच्या बस वेगळ्या, वह्या वेगळ्या, आणि एकाच घरात एकाच बाईचा रक्तदाब दोनदा मोजला जातो. हे एकत्र शिकले तर काय बदलेल? मेडिकल आणि नर्सिंग कॉलेज एकाच आवारात असलेल्या कुठल्याही शिक्षिकेला उद्या सुरू करता येईल असा हा अभ्यास आहे. डीन आणि प्राचार्यांची एक संयुक्त सही तेवढी लागेल. अवघड भाग तोच आहे, हे कबूल.

पायरी ६ : पीएच.डी. आणि गाईड

वाटा तीन : महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, अभिमत विद्यापीठं, किंवा परिचर्या परिषदेनं कर्नाटकातल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाबरोबर उभारलेला राष्ट्रीय पीएच.डी. कन्सॉर्टियम. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहे. स्त्रियांना दोन वर्षांची सवलत आणि संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते.

गाईड निवडण्याआधी त्यांचे मागच्या पाच वर्षांतले लेख वाचा आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोला, त्यातला एक तरी अर्धवट सोडून गेलेला असावा. विषयाच्या जवळचा गाईड मिळत नसेल तर वर्षभर थांबलेलं बरं. सहमार्गदर्शक म्हणून समाजवैद्यकशास्त्रातली किंवा समाजशास्त्रातली व्यक्ती मिळाली तर घ्या. भाषेच्या प्रश्नावर मला सगळ्यात उपयोगी सल्ला भाषाशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी दिला. त्यांनी आयुष्यात केअर प्लॅन पाहिला नव्हता.

पायरी ७ : छापणं, आणि नाव

प्रबंध २०० पानांचा, लेख ३००० शब्दांचा. लेख म्हणजे प्रबंधाचं आक्रसलेलं रूप नसतं. एकच निष्कर्ष घ्या आणि बाकीचं सोडा.

पीएच.डी. नसताना ‘रिस्पेक्टेड डॉक्टर’ म्हणून मेल येतो, तीन दिवसांत स्वीकारतो म्हणतो आणि फी मागतो. तो डिलीट करा. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता तुमची आणि कॉलेजची. ते मेडलाइन (वैद्यकीय लेखांची सूची) किंवा डीओएजे (मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांची सूची) यांत सापडतं का, संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या विषयातली आहेत का, आणि मागच्या अंकातला एक लेख तुम्ही विद्यार्थिनीला वाचायला द्याल का, एवढं बघा.

लेखकांची नावं डेटा गोळा करण्याआधी कागदावर ठरवा. काही न करता नाव लावायची अपेक्षा असलेल्या वरिष्ठांना ‘नाही’ म्हणणं कठीण असतं. ‘नियतकालिक प्रत्येकाच्या कामाचं सहीनिशी विवरण मागतं, आपला भाग काय लिहू?’ असं नम्रपणे विचारणं सोपं असतं. पुष्कळदा प्रश्न तिथेच सुटतो.

आणि आपल्या नावांची खास मराठी अडचण : माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. माझे पहिले तीन लेख तीन वेगवेगळ्या बायकांनी लिहिल्यासारखे दिसतात. पहिल्या लेखाआधी ऑर्किड क्रमांक (नाव बदललं तरी लेखकाची ओळख कायम ठेवणारा क्रमांक) काढा, तो मोफत आहे. छापायचं नाव एकदा ठरवा आणि लग्न झालं तरी बदलू नका.

पायरी ८ : ‘संशोधनातील रस’ या रकान्यात काय लिहायचं

कॉलेजच्या संकेतस्थळावर साधारण असं असतं : ‘परिचर्या शिक्षण, महिला आरोग्य, जीवनमान, योग, ताणतणाव.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तीन वाक्यं लिहा : कुठला प्रश्न, आतापर्यंत काय केलं, पुढे काय करणार. उदाहरणार्थ : ‘रुग्ण स्वतःच्या बोलीत सांगतात ती लक्षणं परिचर्या नोंदींत उतरताना काय बदलतं, याचा अभ्यास करते. मेडिकल वॉर्डातल्या विद्यार्थिनींच्या नोंदी आणि रुग्णांच्या मुलाखती यांची तुलना केली आहे. आता पाळी बदलतानाच्या तोंडी निरोपावर काम सुरू आहे.’

असं लिहिलं की दुसऱ्या जिल्ह्यातली एखादी ट्युटर तुम्हाला शोधत येते, परिसंवादाला नेमक्या विषयावर बोलावणं येतं आणि एम.एस्सी.ची मुलगी ‘मॅडम, विषय द्या’ असं न म्हणता ‘मॅडम, तुमच्या दुसऱ्या वाक्यावर मला शंका आहे’ म्हणत केबिनमध्ये शिरते. रकाना दर जानेवारीत उघडा. ज्या विषयावर तीन वर्षांत काही केलं नाही, तो खोडून टाका. मी मागच्या वर्षी ओआरएस खोडायला बसले होते. मग त्यासमोर लिहिलं : ‘या ६० आयांपैकी ज्या सापडतील त्यांच्या घरी जायचं आहे.’ १९ सापडल्या आहेत.